मोटारीला वाहिलेली भोजली

साकोलीत आमच्या रस्त्याला एके काळी फूटपाथ होता असं मी सांगते तेव्हा आताची मंडळी हसतात. हसू देत. होता म्हणजे होता. नालीवर दगडी फरश्या टाकलेल्या होत्या, तोच आमचा फूटपाथ. एका अंगाला दुकानांच्या चुन्याने पोतलेल्या भिंती, डोक्यावर टिनाच्या छपऱ्या, आणि दुसऱ्या अंगाला, एक पायरीभर खाली, नागपूरहून रायपूरला जाणारा मोठा रस्ता. रस्त्यावरून दिवसभर ट्रक जायचे आणि फरश्यांवरून माणसं. शाळेच्या पोरी, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, तहसिलीत काम निघालेले म्हातारे. एखादी फरशी डुगडुगायची, खालून वासही यायचा, पण तिच्यावर पाय असला की मागून काय येतंय ते वळून पाहावं लागत नसे. पायी चालणाऱ्याला आणखी काय लागतं?

मी आंबागडची. तिथं किल्ल्याच्या पायथ्याशी टेंभरं आणि मोहफुलं वेचत मी रानभर हिंडलेली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात लग्न होऊन साकोलीला आले ती कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात. पुढे दुकान, मागे घर, आणि घराचं दार दुकानाच्या बाजूला फरशीवरच उघडणारं. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. तर मामाजींना एक गोष्ट फार लागायची, त्यांच्या घरची सून रस्त्यात दिसता कामा नये. सासूबरोबर देवळात गेली तर गोष्ट वेगळी. एकटीनं जायचं तर फरशीवरून, भिंतीच्या कडेनं, छपरीखालून. खाली उतरली की घराचं नाक कापलं गेलं. हे ते मला कधी म्हणाले नाहीत, कारण ते माझ्याशी बोलतच नसत. मी समोर उभी असताना सासूबाईंना सांगत, "सूनबाईले सांगा, फरसीवरून जात जा म्हनाव. खाली उतराचं काम नाई."

माझे यजमान कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार करायचे. आज लाखनी, उद्या अर्जुनी. पहाटेच्या बसने जात आणि अंधार पडल्यावर येत. आले की जेवत आणि झोपत. मूलबाळ झालं नव्हतं. दुपारी दुकानाचं एक फळीदार दार लोटलं जाई, सासूबाई आडव्या होत, आणि मग ती दुपार मला खायला उठायची. भांडी घासून झालेली, तांदूळ निवडून झालेले, आणि सूर्य जागचा हलायला तयार नाही. माहेरी मी कधी एकटी बसलेली मला आठवत नाही. इथं घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला बोलायला कुणी नव्हतं.

फरशीच्या त्या टोकाला, चार दुकानं सोडून, मुरमुऱ्यांची भट्टी होती. ती चालवणारी बाई माझ्याच वयाची. माहेर डोंगरगडकडचं, म्हणजे छत्तीसगडी. नवरा लवकर गेला आणि मागे भट्टी तेवढी राहिली. लहानपणच्या तापात तिचा डावा पाय बारीक झाला होता, त्यामुळे ती चालायची ती भिंतीला हात लावून. आणि हात भट्टीतल्या काजळीने सदा काळा. म्हणून तिच्या भट्टीपासून माझ्या दारापर्यंत भिंतीवर काळ्या पंजांची रांगच उमटलेली असायची. मामाजींचा त्यावरून पारा चढायचा. दर दिवाळीला ते भिंतीला चुना मारून घेत आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत पंजे परत हजर. मला फार हसू यायचं. पदर तोंडाला लावून हसायची.

भट्टीवरचं काम उरकलं की ती यायची. दारातून हळूच विचारायची, "वैनी, निजल्या का सासूबाई?" मी मान हलवली की उंबऱ्यावर बसून ओटीतले गरम मुरमुरे सुपात टाकायची. मीठ, हिरवी मिरची, कांदा. खाता खाता आम्ही सगळं बोलायचो. तिचा नवरा कसा होता, माझा कसा आहे, रात्री झोप का येत नाही, महिना चुकला की मला कशी आशा लागते आणि मग काय होतं. हे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. कधी मी फारच मान खाली घालून बसले की ती डिवचायची, "आंबागडची वाघीन, अन् साकोलीत येऊन मांजर होऊन बसली वं." कधी ती आली नाही तर मी जायची, भिंतीच्या कडेनं. दोन्ही हात भरून मुरमुरे घेऊन परत यायची. माझं सगळं जग त्या चार दुकानांएवढं होतं, पण ते मला पुरत होतं.

मग ऐंशी साल उलटल्यावर आमच्या घरी मोटार आली.

जुनीच घेतली होती, कुठल्याशा कंत्राटदाराकडून. कधी काळी पांढरी असावी, आमच्याकडे आली तेव्हा ताकाच्या रंगाची होती. घरात कुणालाच चालवता येत नव्हती. ड्रायव्हर लाखनीला राहायचा, किल्लीही त्याच्याचकडे, आणि कुणाचं लग्न निघालं की त्याला निरोप जायचा. प्रश्न होता ती ठेवायची कुठं. घराला आवार नाही, रस्त्यावर ठेवावी तर ट्रकवाले घासून नेतील. मामाजींनी एका मिस्त्रीला बोलावून दोन फरश्या काढल्या, नालीवर सिमेंटचा उतार करून घेतला, आणि माणसांनी धक्के मारून मोटार फूटपाथवर चढवली. भिंतीला अशी चिकटवली की मध्ये माणूस शिरायला जागा नाही. सगळ्या ओळीने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तिला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. तेव्हापासून रोज सकाळी त्या तिच्या बॉनेटला हळदकुंकू लावत, जसं दारच्या गायीला लावावं तसं. दुकानातल्या गादीपाटाच्या जाड कापडाचे उरलेले तुकडे शिवून तिला खोळ केली. वर्षातून तीनचार लग्नं करून यायची ती मोटार. बाकी सगळे दिवस ती फूटपाथवर नुसती बसून असायची.

आणि चालणारी माणसं खाली उतरायची. शाळेच्या पोरी एकमेकींचे हात धरून उतरायच्या. टोपलीवाल्या बाया डोक्यावरचं ओझं सावरत, मान वळवता येत नाही म्हणून नुसत्या कानाने ट्रकचा अंदाज घेत उतरायच्या. म्हातारे उतारापाशी थांबून राहायचे, रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत. ट्रकचे भोंगे वाजायचे. मग मोटारीला वळसा घालून वर चढताना एकेक जण आमच्या घराला हळू आवाजात शिवी घालायचा. दाराआड मला सगळं ऐकू यायचं. घर माझंच होतं, पण मीही मनातल्या मनात एक घालायची.

एकदा एका म्हाताऱ्या मास्तरांनी दुकानात येऊन विचारलं, "शेटजी, लोकांनी चालावं कुठून?"

मामाजी म्हणाले, "एवढा मोठा रस्ता सरकारनं काहून बनवला? चाला ना रस्त्यानं."

आणि त्याच दिवशी जेवायला बसल्यावर सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईले सांगा, भट्टीकडं जाऊ नोको म्हनाव आता. खाली उतरा लागते."

भात वाढता वाढता माझा हात थांबला. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून निघाली होती आणि त्या तोंडाला त्याचं काही वाटलं नव्हतं. असा राग आला होता की अजूनही आठवला तर कान तापतात. गावातल्या म्हाताऱ्यांना रस्ता मोकळा होता. मला फरशी नाही आणि रस्ताही नाही. एका दुपारी मी मोटार आणि भिंत यांच्या मधून अंग चोरून जाऊन पाहिलं. दाराच्या मुठीत लुगडं अडकलं, फाटलं, आणि मी तशीच मागे आले.

ती मात्र काही दिवस आली. हाताशी भिंत नाही म्हणून तिनं काठी घेतली. खाली उतरून, ट्रकांच्या वाऱ्यात लटपटत, वळसा घालून यायची आणि धापा टाकत उंबऱ्यावर बसायची. मग एक दिवस मला ट्रकचा लांबलचक भोंगा ऐकू आला आणि पाठोपाठ माणसांचा ओरडा. मी दारात धावले. घाईनं वर चढताना तिचा चांगला पाय, उतारापाशी फरश्या काढल्या होत्या त्या फटीत गेला होता. मोटारीच्या टपावरून मला नुसती माणसांची डोकी दिसत होती. ती दिसत नव्हती. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरून ठेवला. लोकांनी तिला उचलून भट्टीवर नेलं, आणि मी मोटारीच्या अलीकडे उभी.

रात्री मी यजमानांना म्हटलं, मोटार थोडी सरकवायला सांगा ना. ते म्हणाले, "बाबाले कोन सांगनार?" आणि कूस बदलली. सासूबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मोटार काय तांब्या हाय, उचलला अन् इकडचा तिकडं ठेवला?"

पाय बरा झाला, पण तिला रस्त्याची धास्ती बसली. ट्रक दिसला की अंग कापायचं म्हणे. मग आमचं बोलणं सुरू झालं ते मोटारीवरून. ती मोटारीच्या मागच्या टोकाला, मी पुढच्या टोकाला, आणि मध्ये ती खोळ घातलेली लक्ष्मी. ओरडून बोलावं लागायचं. काय बोलणार? "पाय कसा हाय?" "बरा हाय." "मुरमुरे खपले का?" "नाई वं." महिना चुकला आणि मग काय झालं, हे काय ओरडून सांगायचं? समोरचा पानटपरीवाला ऐकतोय, येणारेजाणारे ऐकतायत. ती समोर दिसत असूनही तेव्हा मला जितकं एकटं वाटलं तितकं आधीच्या रिकाम्या दुपारींतही वाटलं नव्हतं.

पण एक गोष्ट तिनं तशीच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडून सांगितली. श्रावण तोंडावर आला होता.

"वैनी! यंदा आपन भोजली बदू!"

भोजली म्हणजे गव्हाचे कोंब, आणि भोजली बदायची म्हणजे त्यांच्या साक्षीनं नातं जोडायचं. छत्तीसगडकडची रीत. श्रावणात टोपलीत माती घालून गहू पेरायचे आणि अंधारात ठेवायचे. ऊन न लागल्यामुळे कोंब हळदीसारखे पिवळे येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावावर नेऊन टोपली शिरवायची, म्हणजे पाण्यात सोडायची. त्यातले चार कोंब मागे ठेवून ज्या दोघींना नातं जोडायचं त्यांनी ते एकमेकींच्या कानावर खोचायचे. झालं. तेव्हापासून जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, 'भोजली' म्हणूनच हाक मारायची. सख्ख्या बहिणीपेक्षा ते नातं वरचं. एकीच्या घरचं सुखदुःख दुसरीचं.

मीही सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशी ओरडले, "बदू!"

धान साठवायच्या ढोलीमागे मी टोपली लपवली. रोज सकाळी अंधारात हात घालून कोंबांना चाचपायची. मला वाटतं त्या महिन्यात मी घरात पहिल्यांदा गुणगुणत होते. ठरलं असं की राखीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तलावावर बाया निघतील तेव्हा मी सासूबाईंबरोबर निघायचं, सासूबाईंबरोबर रस्ता चालतो, आणि भट्टीपाशी ती आमच्यात मिसळेल.

त्या सकाळी दुकान बंद होतं. मी मागच्या परसात पाट्यावर चटणी वाटत होते. सासूबाई मोटारीला हळदकुंकू लावायला गेल्या आणि धावतच आत आल्या.

"अवं बाई! मोटारीले कोनी भोजली वाहून गेलं!"

मी पाटा सोडून पुढे गेले. मोटारीच्या मागच्या दाराच्या मुठीत पिवळ्या कोंबांची जुडी खोचलेली होती. सासूबाईंनी तिच्यावरही कुंकू टाकलं. मामाजी बनियनवर बाहेर आले, पाहिलं, आणि त्यांनी खरंच हात जोडले. मग येईल त्याला बोलावून दाखवू लागले. "पाहा, लोकं आपल्या गाडीले देव मानून राहिले. भोजली वाहिली कोनी तरी."

संध्याकाळचं ठरलेलं असताना ती सकाळीच का आली? मी आत गेले, ढोलीमागची टोपली काढली, पदर डोक्यावर घेतला आणि दारातून बाहेर पडून खाली उतरले. एकटी. मामाजी दुकानाच्या पायरीवर बसले होते, त्यांच्या डोळ्यांसमोरून. एक ट्रक असा गेला की पदर उडाला. मी तो पुन्हा घेतला नाही, कारण दोन्ही हातांत टोपली होती.

भट्टी विझलेली होती. दाराला कुलूप. मी तिथंच उभी राहिलेली पाहून पानटपरीवाला रस्ता ओलांडून आला.

"भट्टीवाली बाई गेली वैनी. सकाळच्या बसनं. भाऊ आला होता घ्याले. फरसीवरून लोकंच येत नाई आता, मुरमुरे कोन घेईन? कायमची गेली." मग तो म्हणाला, "तुमाले लई हाका देल्या तिनं. खाली उतराले जाये, अन् टरक आला का मांगं फिरे. भाऊ घाई करून राहिला होता. मंग तुमच्या गाडीपाशी काई तरी खोचून गेली."

परत आले तेव्हा मामाजी सासूबाईंना म्हणत होते, "विचारा सूनबाईले, रस्त्यातून कायले गेल्या म्हनाव."

मी सासूबाईंकडे पाहिलंच नाही. मी मामाजींना म्हटलं, "गाडी मधात होती, मामाजी."

त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. भोजलीचं मी सांगितलं नाही. ती भट्टीवालीची आहे हे कळलं असतं तर ती जुडी त्याच क्षणी नालीत गेली असती. मोटारीची पूजा म्हणून ती निदान सुकेपर्यंत तिथं राहणार होती. दिवेलागणीला त्यातले दोन कोंब मी काढले आणि माझ्याच हाताने माझ्या कानावर खोचले, पदराखाली. माझ्या टोपलीतले कोंब कुणाच्या कानावर ठेवायचे? मी ती टोपली परसात तुळशीपाशी उपडी केली आणि पोटभर रडले. डोंगरगडकडचं कोणतं गाव, तेही मी तिला कधी विचारलं नव्हतं. दोघींनाही ते विचारावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मोटार राहिली. एका पावसाळ्यात तिची चाकं बसली, मग ती लग्नांनाही जाईनाशी झाली. खोळ फाटली, खाली शेळ्या बसू लागल्या. चुना मारणारे यायचे ते मोटारीच्या वरच्या भिंतीला कुंचा फिरवून जायचे, मागे हात पोचत नसे. लोक खाली उतरून चालायला इतके शिकले की शिव्या घालणंही थांबलं. नवीन पोरांना तर तिथं फूटपाथ होता हेच ठाऊक नव्हतं. आणि घरी पाहुणे आले की मामाजी सांगायचे, आमच्या मोटारीला लोकांनी भोजली वाहिली होती. चहाचे कप हातात देताना दर वेळी मी ते ऐकायची.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा ती भंगारात गेली. ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढून नेली. दिवाळी जवळ आली होती आणि चुना मारणारा बादली घेऊन भिंतीपाशी बसलेलाच होता. मोटार हलली आणि मला मागची भिंत दिसली. मोटारीएवढ्या लांबीची जुनी पिवळट भिंत, आणि तिच्यावर काळे पंजे. कमरेच्या उंचीवर, एकापुढे एक, माझ्या दाराकडे येणारे. एवढ्या दिवाळ्या मोटारीने ते झाकून ठेवले होते.

माणसाने कुंचा बुडवला. मी म्हटलं, "तेवढी भिंत नोको पोतू."

मामाजी आता थकले होते, खाटेवर बसून असत. त्यांनी सासूबाईंना मध्ये न घेता विचारलं, "काहून?"

"गाडीची पूजा कोनी केली नव्हती, मामाजी," मी म्हटलं. "थे भोजली मले होती. गाडीमुळं तिले येता आलं नाई."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "भट्टीवाली?"

"हो."

"एवढ्या वर्षांत सांगितलं नाई."

त्यांनी खाली मान घातली आणि चुनेवाल्याला म्हणाले, "थे सोड. बाकीची पोत."

संध्याकाळी मी बाहेर पडले. फरश्या चाकांखाली दबून तडकल्या होत्या, पण चालता येत होतं. मी एकेका पंजावर हात ठेवत गेले. ते संपल्यावर नव्या चुन्यावर हात ठेवत गेले, चारही दुकानं पार करून टोकापर्यंत. कुठंही खाली उतरावं लागलं नाही. भट्टीच्या जागी सायकल दुरुस्तीचं दुकान झालं होतं. आतल्या माणसाने मान वर करून विचारलं, "काय पायजे, बाई?"

मी म्हटलं, "काई नाई." आणि फरशीवरूनच परत आले.